बूस्टरच्या आधी अँटेना: प्रारणाच्या मूलभूत संकल्पना आणि घरी बांधायचा एफएम डायपोल

गोव्यातील वाळपई, सांगे किंवा काणकोणच्या एखाद्या घरात पणजीचा एफएम कार्यक्रम खरखरीसह ऐकू येऊ लागला की पुष्कळ जण बाजारातून बूस्टर, म्हणजे संकेत वाढवणारे यंत्र, आणतात. बूस्टर वाढवतो ते अँटेनाने त्याच्या हाती दिलेलेच, आणि तेही खरखरीसकट. अँटेनाने योग्य दिशेकडून आणि योग्य ध्रुवीकरणात ऊर्जा गोळा केलीच नसेल, तर पुढचे कोणतेही यंत्र ती निर्माण करू शकत नाही. म्हणून या लेखात अँटेनाची एकेक राशी समजून घ्यायची, ती घरच्या घरी तपासायची आणि मगच पुढच्या खर्चाचा विचार करायचा, असा क्रम ठेवला आहे. पदविका किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी वर्गात हीच सूत्रे शिकतात, परंतु छपरावर चढून त्यांची प्रचीती घेण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. तीही येथे मिळावी, असा प्रयत्न आहे.

उदाहरणासाठी आकाशवाणीचे गोव्यातील एफएम रेनबो केंद्र घेतले आहे. त्याची वारंवारता १०५.४ मेगाहर्ट्झ आहे. लेखातील सर्व कृती फक्त ग्रहणाच्या आहेत. प्रक्षेपण करायचे असेल तर हौशी रेडिओची परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना घ्यावा लागतो. तो नसताना तारेत एक मिलिवॉटही सोडू नये.

पहिली पायरी: तरंगलांबी काढणे

अँटेनाच्या जगात लांबी सेंटीमीटरमध्ये मोजण्याला फारसा अर्थ नसतो. ती तरंगलांबीच्या किती पट आहे यावर सारे ठरते. प्रकाशाचा वेग वारंवारतेने भागला की तरंगलांबी मिळते. व्यवहारात ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की उत्तर मीटरमध्ये येते. १०५.४ मेगाहर्ट्झसाठी ते सुमारे २.८४ मीटर आहे, म्हणजे अर्धी तरंगलांबी १.४२ मीटर होते आणि ती दोन हातांच्या कवेत मावते. उलट पणजी आकाशवाणीच्या मध्यम लहरींची १२८७ किलोहर्ट्झ ही वारंवारता घेतली, तर तरंगलांबी सुमारे २३३ मीटर येते आणि अर्धी लांबी कोणत्याही माडापेक्षा कितीतरी उंच भरते. घरातील वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लहर मात्र केवळ साडेबारा सेंटीमीटरची असते. एफएमसाठी तार, मध्यम लहरींसाठी ट्रान्झिस्टरच्या पोटातील फेराइटची कांडी आणि वाय-फायसाठी बोटाएवढी दांडी, हा फरक या तीन आकड्यांतूनच आला आहे.

तारेतून लहर सुटते कशी

स्थिर विद्युतभाराभोवती विद्युतक्षेत्र असते आणि एकसारख्या वाहणाऱ्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, परंतु या दोन्हींपैकी काहीही तारेला सोडून निघून जात नाही. प्रारण घडते ते भाराचा वेग बदलतो तेव्हा, म्हणजेच प्रवाह काळानुसार बदलतो तेव्हा. मॅक्सवेलने १८६५ मध्ये हे गणिताने मांडले आणि हर्ट्झने १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूह येथे ठिणगी पाडून, मध्ये फट असलेल्या दोन सरळ दांड्यांच्या साहाय्याने ते प्रत्यक्ष दाखवले. आज आपण बांधणार आहोत तो डायपोल मुळात तोच.

प्रारित क्षेत्राची खरी ओळख त्याच्या घटण्याच्या रीतीत आहे. अँटेनाजवळची काही क्षेत्रे अंतराच्या वर्गाच्या किंवा घनाच्या प्रमाणात झपाट्याने घटतात. एक घटक मात्र केवळ अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. शक्तीची घनता क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे या घटकाची घनता अंतराच्या वर्गाने कमी होते, आणि अँटेनाभोवती कल्पिलेल्या गोलाचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गानेच वाढते. दोन्हींचा गुणाकार करा: उत्तर प्रत्येक अंतरावर तेच येते. म्हणजे गोल कितीही मोठा घेतला तरी त्यातून बाहेर जाणारी एकूण शक्ती तेवढीच राहते, ती परत येत नाही, आणि म्हणूनच तिला प्रारण म्हणायचे. माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे आणि विद्यार्थ्यांनी ती एकदा स्वतः कागदावर करून पाहावी.

दोन समांतर तारांच्या जोडीत प्रवाह विरुद्ध दिशांनी वाहतात, त्यामुळे दूरवर त्यांची क्षेत्रे एकमेकांना पुसतात आणि जोडी प्रारण करत नाही. त्याच तारांची टोके काटकोनात बाहेर वळवली की दोन्ही भुजांतील प्रवाह एकाच दिशेचे होतात, क्षेत्रे एकमेकांत मिळतात आणि डायपोल तयार होतो. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलमध्ये प्रवाह मध्यभागी सर्वाधिक आणि टोकांना शून्य असतो, तर विद्युतदाब टोकांना सर्वाधिक असतो. त्यामुळे टोके कोरड्या, विद्युतरोधक आधारावर ठेवावी लागतात. ओल्या लाकडावर ठेवलेला डायपोल पावसाळ्यात सुस्त होतो, त्याचे कारण येथे आहे.

जवळचे क्षेत्र आणि दूरचे क्षेत्र

अँटेनाच्या अगदी जवळ ऊर्जा पुढे जाण्यापेक्षा अँटेनात आणि आसपासच्या जागेत मागेपुढे खेळत राहते. लहान अँटेनासाठी या भागाची सीमा तरंगलांबी भागिले २π (π म्हणजे ३.१४) इतकी मानतात. आपल्या उदाहरणात ती सुमारे ४५ सेंटीमीटर येते. या पट्ट्यात हात, पत्रा, ओली भिंत किंवा लोखंडी खांब आला की तो अँटेनाचाच भाग बनतो आणि तिचे सगळे गुणधर्म बदलतो.

दूरच्या क्षेत्रासाठी अँटेनाच्या सर्वांत मोठ्या मापाच्या वर्गाची दुप्पट करून तिला तरंगलांबीने भागावे. आपल्या डायपोलसाठी हे उत्तर दीड मीटरही येत नाही, परंतु लहान अँटेनासाठी एवढे पुरेसे नसते, अंतर तरंगलांबीच्या अनेक पट असावे लागते. म्हणून दहा मीटरांच्या आत कोणतेही मोजमाप खरे मानू नये. घरावरच्या साठ सेंटीमीटरच्या डीटीएच तबकडीला हेच सूत्र लावले, १२ गिगाहर्ट्झला तरंगलांबी अडीच सेंटीमीटर धरली, तर सीमा जवळजवळ २९ मीटरवर जाते. दूरच्या क्षेत्रात विद्युतक्षेत्र, चुंबकीय क्षेत्र आणि लहरीची दिशा परस्परांना काटकोनात असतात आणि पहिल्या दोहोंचे गुणोत्तर मोकळ्या जागेत ३७७ ओहम असते. यापुढे येणारी प्रत्येक राशी याच दूरच्या क्षेत्रासाठी सांगितलेली असते.

प्रारण-आकृती: खर्च न करता पहिला प्रयोग

अँटेना सर्व दिशांना सारखी शक्ती पाठवत नाही आणि सर्व दिशांकडून सारखी घेतही नाही. ही दिशांनुसार असलेली वाटणी म्हणजे प्रारण-आकृती. तीच अँटेना प्रक्षेपणासाठी वापरली किंवा ग्रहणासाठी, आकृती तीच राहते. हा परस्परतेचा नियम आपल्या फार उपयोगाचा आहे, कारण त्यामुळे फक्त ऐकून अँटेनाची आकृती काढता येते.

मध्यम लहरींचा साधा ट्रान्झिस्टर घेऊन स्पष्ट येणारे एखादे केंद्र दिवसा लावावे. संच आडवा धरून स्वतःभोवती सावकाश फिरवावा. दोन ठिकाणी आवाज एकदम खाली जातो. आतील फेराइटची कांडी त्या वेळी केंद्राच्या रेषेत टोकाने उभी असते, कारण येणाऱ्या लहरीचे चुंबकीय क्षेत्र तेव्हा कांडीला आडवे पडते आणि गुंडाळीत काहीच उपजत नाही. कमाल आवाजाची दिशा पसरट असते, किमान आवाजाची दिशा मात्र टोकदार असते, म्हणून दिशा शोधायची तर शून्यबिंदूने शोधावी. दोन निरनिराळ्या गावांतून ही रेषा नकाशावर आखली तर त्यांच्या छेदाजवळ प्रक्षेपक सापडतो.

अर्धतरंग डायपोलची आकृती तारेभोवती फिरवलेल्या वर्तुळासारखी भरीव कड्याच्या रूपाची असते: तारेच्या काटकोनात कमाल, तारेच्या टोकांच्या दिशेने शून्य. जेथे शक्ती कमालीच्या निम्मी होते त्या दोन दिशांमधील कोनाला अर्धशक्ती-रुंदी म्हणतात. डायपोलसाठी ती ७८ अंश आहे. योग्य दिशेपासून तार ३० अंशांनी चुकली तरी तोटा सुमारे १.८ डीबीच (डेसिबल, शक्तींच्या तुलनेचे एकक) होतो. त्यामुळे डायपोलच्या बाबतीत दहा-पंधरा अंशांची चिंता करण्याचे कारण नाही. टोक मात्र केंद्राकडे कधीही करू नये.

दिशानिष्ठता, कार्यक्षमता आणि गेन

बाजारातील खोक्यांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेली आणि सर्वांत कमी समजलेली राशी म्हणजे गेन. अँटेना शक्ती वाढवत नाही, ती फक्त वाटते. आग्वादच्या दीपगृहात दिव्याची शक्ती तीच ठेवून भिंगे प्रकाश एका झोतात गोळा करतात आणि समुद्रावर तो दूरवर पोहोचतो. इतर दिशांना तेवढाच अंधार होतो. अँटेनाचा गेन हा नेमका तसाच असतो.

हिशोब असा मांडतात. सर्व दिशांना सारखेच प्रारण करणारी एक काल्पनिक अँटेना धरावी. तेवढीच एकूण शक्ती प्रारित करणारी आपली अँटेना तिच्या सर्वोत्तम दिशेत किती पट घनता देते, तो आकडा म्हणजे दिशानिष्ठता. अर्धतरंग डायपोलसाठी तो १.६४ आहे, डेसिबलमध्ये २.१५. अँटेनाला दिलेल्या शक्तीपैकी काही भाग तारेच्या रोधात उष्णता होऊन जातो; उरलेल्या भागाचे दिलेल्या शक्तीशी असलेले प्रमाण म्हणजे कार्यक्षमता. दिशानिष्ठतेला कार्यक्षमतेने गुणले की गेन मिळतो.

डेसिबलचे तीन आकडे पाठ असले की बरीच गणिते तोंडी होतात: ३ डीबी म्हणजे शक्ती दुप्पट, ६ डीबी म्हणजे चौपट, १० डीबी म्हणजे दहापट. खोका वाचताना डीबीआय आणि डीबीडी यांतला फरक पाहावा. पहिल्यात तुलना काल्पनिक अँटेनाशी असते, दुसऱ्यात डायपोलशी, आणि दोहोंत २.१५ चे अंतर असते. ७ डीबीआय आणि ४.८५ डीबीडी ही एकच अँटेना होय. नुसते ‘डीबी’ छापलेले असेल तर तो दोहोंपैकी मोठा दिसणारा आकडा, म्हणजे डीबीआय, समजून चालावे.

कार्यक्षमतेचा प्रश्न लहान अँटेनात गंभीर होतो. अँटेनाने प्रारित केलेली शक्ती जणू एखाद्या रोधात खर्च झाली असे मानून जो रोध येतो, त्याला प्रारणरोध म्हणतात. अर्धतरंग डायपोलचा प्रारणरोध ७३ ओहम आहे. तारेचा स्वतःचा रोध एक ओहम धरला तरी कार्यक्षमता ९८ टक्क्यांहून अधिक राहते. डायपोल तरंगलांबीच्या फक्त दहाव्या भागाएवढा केला, तर प्रारणरोध जेमतेम दोन ओहमवर येतो आणि त्याच एका ओहमपायी जवळजवळ एक तृतीयांश शक्ती वाया जाते. तीन मीटरची तार १२८७ किलोहर्ट्झवर वापरली तर प्रारणरोध एका ओहमच्या सुमारे तीन शतांशाएवढाच उरतो. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणाला एवढे उंच मनोरे का लागतात, हे यावरून उमगावे.

ग्रहणाच्या बाजूने गेनचे दुसरे रूप म्हणजे परिणामी क्षेत्रफळ. गेन गुणिले तरंगलांबीचा वर्ग, भागिले ४π, एवढ्या क्षेत्रफळावर पडणारी शक्ती अँटेना जोडलेल्या भाराला देते. आपल्या बारीक तारेचे हे क्षेत्रफळ १०५.४ मेगाहर्ट्झवर एक चौरस मीटरहून किंचित जास्त येते. तार बोटाएवढी जाड नसतानाही ती साधारण अर्ध्या दाराएवढ्या पृष्ठभागावरची ऊर्जा उचलते. हाच डायपोल २.४ गिगाहर्ट्झसाठी कापला तर गेन तोच राहतो, परंतु क्षेत्रफळ २० चौरस सेंटीमीटरवर येते. उंच वारंवारतेला तबकड्या लागतात त्या यामुळे. वर सांगितलेल्या साठ सेंटीमीटरच्या तबकडीचा गेन सुमारे ३५ डीबीआय आणि अर्धशक्ती-रुंदी सुमारे तीन अंश असते. तिचा खिळा वाऱ्याने जरा ढिला झाला तरी चित्र का जाते, हे या तीन अंशांत आहे. मुसळधार पावसात चित्र जाते ते मात्र दिशेमुळे नव्हे. बारा गिगाहर्ट्झची लहर पावसाच्या थेंबांत शोषली आणि विखुरली जाते. एफएमच्या जवळजवळ तीन मीटरच्या लहरीला पावसाचा असा त्रास होत नाही.

ध्रुवीकरण

विद्युतक्षेत्र ज्या दिशेने आंदोलते ते लहरीचे ध्रुवीकरण. आडव्या तारेचे आडवे, उभ्या तारेचे उभे. लहर आणि अँटेना यांच्या ध्रुवीकरणांत कोन असेल तर मिळणारी शक्ती त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने घटते: ४५ अंशांना ३ डीबी, ६० अंशांना ६ डीबी, आणि काटकोनात कागदावर तरी काहीच मिळत नाही. प्रत्यक्षात भिंती, डोंगर आणि झाडे लहरीला वळवतात, त्यामुळे थोडेफार येतेच. वर्तुळाकार ध्रुवीकरणाची, म्हणजे विद्युतक्षेत्राची दिशा सतत गोल फिरत असलेली, लहर सरळ तारेवर घेतली तर तार आडवी असो वा उभी, ३ डीबींचा तोटा ठरलेला असतो.

पुस्तकात पाहून तार आडवी लावावी की उभी हे ठरवू नये. डायपोल बांधल्यावर तो आडवा, उभा आणि ४५ अंशांत तिरका अशा तिन्ही स्थितींत तपासावा आणि जी स्थिती सर्वांत जास्त देते ती ठेवावी. डोंगरावरून वळून आलेल्या लहरीचे ध्रुवीकरण निघतानाचेच राहिलेले असते असे नाही.

इम्पिडन्स जुळवणी आणि स्थायी तरंग

मोकळ्या जागेतील बारीक तारेच्या, अचूक अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलचा इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) ७३ ओहम रोध आणि सुमारे ४२ ओहम प्रेरकी भाग असा असतो. लांबी साधारण पाच टक्क्यांनी कमी केली की प्रेरकी भाग नाहीसा होतो आणि डायपोल अनुनादात येतो. डीटीएच आणि केबल टीव्हीसाठी वापरली जाणारी आरजी-६ केबल ७५ ओहमची असल्यामुळे ती येथे जवळजवळ नेमकी बसते. पन्नास ओहमची केबल हाताशी असेल तरी हरकत नाही: स्थायी तरंग गुणोत्तर, म्हणजे जुळवणी किती बिघडली ते सांगणारा आकडा (अचूक जुळणीला १), सुमारे १.४६ येते आणि परत फिरणारी शक्ती साडेतीन टक्के असते. हे गुणोत्तर २ झाले तरी ११ टक्केच शक्ती परतते, तोटा अर्धा डीबी. ग्रहणाच्या अँटेनासाठी हा आकडा १.१ वर आणण्याचा हट्ट म्हणजे वेळेचा अपव्यय आहे.

आणखी एक इशारा मला महत्त्वाचा वाटतो. पंचाहत्तर ओहमचा साधा रोध केबलच्या टोकाला जोडला तर स्थायी तरंग गुणोत्तर अगदी १ येते, आणि तो रोध काहीच प्रारित करत नाही. चांगली जुळवणी म्हणजे चांगली अँटेना नव्हे. गंजलेल्या जोडणीतला वाढीव रोधसुद्धा हा आकडा सुधारून दाखवू शकतो.

डायपोल संतुलित असतो, म्हणजे त्याच्या दोन्ही भुजा सारख्या असतात; केबल असंतुलित, कारण तिची मधली तार आणि बाहेरची जाळी सारख्या नसतात. सरळ जोडल्यास केबलच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर प्रवाह वाहू लागतो, केबल स्वतःच अँटेनाचा भाग होते, आकृती बिघडते आणि घरातील एलईडी दिव्यांचा व चार्जरचा गोंगाट तिच्यातून वर चढतो. तो थांबवण्यासाठी जोडणीच्या लगेच खाली केबलचेच सुमारे बारा सेंटीमीटर व्यासाचे पाच-सहा वेढे घालून पट्ट्यांनी घट्ट बांधावेत. या वेढ्यांना काही खर्च येत नाही आणि तरीही बहुतेक घरगुती डायपोलांत ते नसतात.

बांधणी

दोन्ही भुजांसाठी तीन-चार मिलिमीटर जाडीची तांब्याची तार किंवा सहा ते दहा मिलिमीटरची अॅल्युमिनियमची नळी घ्यावी. अर्धी तरंगलांबी १.४२ मीटर गुणिले ०.९५ केले की एकूण लांबी १.३५ मीटर येते, म्हणजे प्रत्येक भुजा साडेसदुसष्ट सेंटीमीटर. जाड नळीसाठी एखादा सेंटीमीटर कमी चालतो, शिवाय जाडीमुळे पट्टाही रुंद होतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा सर्व पट्टा ऐकायचा असेल तर मधल्या ९८ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक भुजा सुमारे साडेबाहत्तर सेंटीमीटर ठेवावी.

भुजा पीव्हीसी पाइपच्या टी-जोडावर बसवाव्यात आणि मध्ये दोन सेंटीमीटरची फट ठेवावी. एका भुजेला केबलची मधली तार, दुसरीला जाळी जोडावी. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तांबे आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकवून ठेवले तर एका पावसाळ्यातच सांधा पांढऱ्या भुकटीने भरतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणि वॉशर मध्ये घालावा, तांब्याच्या जोडणीला कथिलाचा मुलामा द्यावा आणि सारे सिलिकॉनने किंवा स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी पट्टीने बंद करावे. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाते. केबलच्या जाळीत एकदा पाणी शिरले की ती केबल टाकूनच द्यावी लागते.

वाळपईहून पणजी जवळजवळ सरळ पश्चिमेला, हवाई अंतराने तीस किलोमीटरांहून थोडी दूर आहे. तेव्हा तेथे आडवी तार उत्तर-दक्षिण ठेवावी. काणकोणहून पणजी उत्तर-वायव्येला पडते, म्हणून तेथे तार साधारण पूर्व-पश्चिम असावी.

विजेच्या तारांपासून खांब इतका दूर ठेवावा की तो कोणत्याही बाजूला आडवा पडला तरी तारेला लागणार नाही. लोखंडी खांब असल्यास त्याला जाड तारेने भूमिगत जोडणी द्यावी. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्याआधीच केबल संचापासून काढून बाहेर ठेवावी.

उंची आणि डोंगर

अँटेनाकडे दोन लहरी येतात, एक सरळ आणि एक जमिनीवरून परावर्तित होऊन. आडव्या ध्रुवीकरणात परावर्तित लहर उलट्या कलेत (एकीचा चढ तेव्हा दुसरीचा उतार) येते, त्यामुळे जमिनीलगत दोन्ही एकमेकींना जवळजवळ पुसतात. उंची वाढवावी तसे त्यांच्यातले अंतर उलगडते. क्षितिजाजवळून येणाऱ्या लहरीसाठी उंची दुप्पट केली की मोकळ्या सपाट जागेत सुमारे ६ डीबी मिळतात. छपरावर तीन मीटरवरून सहा मीटरवर नेलेला खांब बाजारातील अनेक अँटेनांच्या फरकापेक्षा जास्त देतो. चिऱ्यांच्या घरावर आता सर्रास घातलेला पत्रा ही आणखी एक परावर्तक जमीन आहे. डायपोल त्याच्यापासून निदान दीड मीटर वर असावा आणि पत्र्याखाली तर कधीच नसावा.

अंतराचा हिशोब अभियंता हॅराल्ड फ्रीस यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या सूत्राने होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डीबी कमी होतात. १०५.४ मेगाहर्ट्झवर ३० किलोमीटरचा मार्गक्षय, म्हणजे वाटेतली घट, सुमारे १०२ डीबी येतो. एक किलोवॉटचा प्रक्षेपक आणि दोन्हीकडे डायपोल असे मानले, तर ग्राहकाला एका मायक्रोवॉटचा सुमारे सहावा भाग मिळावा. एफएम संचासाठी ही मेजवानी आहे. मग वाळपईत खरखर का? कारण हे गणित मोकळ्या जागेचे आहे, आणि सत्तरीतल्या दऱ्यांत किंवा करमल घाटापलीकडे मोकळी जागा नसते. धारदार डोंगरमाथा दृष्टिरेषेला नुसता टेकला तरी ६ डीबी जातात, आणि खोल सावलीत वीस किंवा अधिक. शिवाय पृथ्वीची वक्रता आहेच. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ गुणिले ४.१२ एवढे किलोमीटर हे रेडिओ-क्षितिज असते, आणि दोन्ही टोकांची क्षितिजे मिळवायची असतात. शंभर मीटरवरचा प्रक्षेपक आणि नऊ मीटरवरची अँटेना एकमेकांना सुमारे ५३ किलोमीटरपर्यंत पाहू शकतात.

दरीत राहणाऱ्यांनी म्हणूनच नकाशावरच्या दिशेवर विसंबू नये. पणजी पश्चिमेला असली तरी चांगली लहर बाजूच्या खिंडीतून किंवा समोरच्या डोंगरावर आपटून येत असेल. अँटेना पूर्ण फिरवून पाहावी आणि जेथे कमाल मिळते तेथे थांबावे. त्याच वेळी संच स्टिरिओवरून मोनोवर करून पाहावा. एफएम स्टिरिओला मोनोपेक्षा सुमारे वीस डीबी अधिक स्वच्छ संकेत लागतो, आणि बऱ्याच घरांतला प्रश्न या एका बटणाने सुटतो.

आकृती स्वतः मोजणे

संगणकाला जोडायची स्वस्त आरटीएल-एसडीआर कळ (यूएसबीमध्ये खोचायचा छोटा रेडिओ-ग्राहक) मिळाली तर मोजमाप नेटके होते. तिचे आपोआप बदलणारे गेन बंद करून एक ठरावीक गेन ठेवावे, नाहीतर प्रत्येक दिशेला आकडा सारखाच दिसेल. संकेताची पातळी इतकीही वर नसावी की कळ भरून जाईल, म्हणजे तिच्या क्षमतेबाहेर जाईल. मोकळ्या पठारावर, वाहने आणि माणसे दूर ठेवून, खांब १५ अंशांनी फिरवत प्रत्येक ठिकाणी काही सेकंदांची सरासरी पातळी लिहावी. सर्वांत मोठा आकडा शून्य डीबी धरून तो प्रत्येक आकड्यातून वजा करावा आणि उत्तरे वर्तुळाकार आलेख-कागदावर मांडावेत. उणे ३ डीबीचे दोन बिंदू शोधून त्यांतला कोन मोजावा. तो ७८ अंशांच्या आसपास आला तर बांधणी बरी आहे. टोकांच्या दिशेला खोल खाच येत नसेल तर दोन संशय घ्यावेत: केबलवरचा प्रवाह, किंवा परावर्तने. वेढे वाढवून पुन्हा मोजले आणि खाच खोल झाली, तर दोष केबलचा होता.

यागी आणि अखेर बूस्टर

डायपोल, उंची, दिशा आणि ध्रुवीकरण एवढे करूनही कमी पडत असेल तर यागी-उदा अँटेनाकडे जावे. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात उदा आणि यागी यांनी १९२६ मध्ये ती मांडली. डायपोलमागे थोडा लांब परावर्तक आणि पुढे थोडा आखूड दिग्दर्शक, दोन्ही कशालाही न जोडलेले. १०५.४ मेगाहर्ट्झसाठी परावर्तक १.४१ मीटर, डायपोल १.३५, दिग्दर्शक १.२५ आणि प्रत्येकामधील अंतर ५७ सेंटीमीटर, एवढ्यावर सुमारे ७ डीबीआय गेन मिळतो. मागच्या बाजूची परावर्तने दबली जातात, हा फायदा गेनपेक्षाही मोठा ठरू शकतो. शेजारच्या दांड्यांमुळे डायपोलचा इम्पिडन्स मात्र वीस-तीस ओहमवर घसरतो. तेथे दुमडलेला डायपोल वापरला की तो चौपट होऊन पंचाहत्तर ओहमच्या केबलशी पुन्हा जुळतो.

बूस्टर घ्यायचाच असेल तर तो संचाशेजारी न ठेवता खांबावर, केबलच्या आधी बसवावा. आरजी-६ केबलच्या दर पंधरा मीटरांना एफएमवर साधारण एक डीबी जातो. हा तोटा होण्यापूर्वी वाढवलेला संकेत स्वच्छ राहतो, नंतर वाढवलेल्या संकेताबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो. गेनच्या आकड्याऐवजी कमी गोंगाट-अंक (यंत्र स्वतःचा किती गोंगाट मिसळते तो आकडा) पाहून निवड करावी. पणजी, ताळगाव किंवा बांबोळी परिसरात बूस्टर लावूच नये: तेथे प्रक्षेपक इतके जवळ असतात की बूस्टर भरून जातो आणि पट्ट्यावर भलत्याच ठिकाणी केंद्रांची भुते उमटतात.